खोडदच्या डिशपासून कारूच्या डिशपर्यंत, दहा दिवसांची डायरी

शुक्रवार, केपटाऊन

पोचले. मुंबईहून आदिस अबाबा, तिथे विमान बदलून केपटाऊन, अर्ध्याहून जास्त खंड वरून खाली ओलांडला तेव्हा कळलं आफ्रिका केवढी मोठी आहे ते, नकाशात कधी कळत नाही. दादा आणि वहिनी घ्यायला आले होते. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, इथे आयटीत आहे, गेली चार वर्षं म्हणतोय ये म्हणून, शेवटी या ऑगस्टमध्ये शिल्लक अर्जित रजा टाकली आणि आले.

टेबल माउंटन बघायचाच आहे, पण मी आले ते त्यासाठी नाही. मी जुन्नर तालुक्यात हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते. आमच्यापासून जवळ खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, द्राक्षाच्या बागा आणि उसाच्या मधून डोकं काढून आकाशाकडे बघत असलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही मुलं घेऊन जातो आणि दरवर्षी परतताना बसमध्ये कोणीतरी विचारतंच, बाई, इथे नोकरी लागायला काय शिकावं लागतं? त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे, बारावी सायन्स, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग, मग पुढे हे पुढे ते, पण उत्तर देताना पोरांचे चेहरे बघते ना, तर तिसऱ्या पायरीलाच त्यांचं लक्ष उडालेलं असतं. कारण पहिलीच पायरी, म्हणजे आठवी-नववीचं गणित, तिथेच पाय घसरलेला असतो.

आणि दक्षिण आफ्रिकेत नेमकी अशीच गोष्ट जास्त मोठ्या आकारात चाललीय. ओसाड माळावर जगातली एक सगळ्यात मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहतेय, आणि देशाने ठरवलंय की ती फक्त बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी नको, आपल्या पोरांनी त्यात काम करायला हवं. हे जमतंय का, कुठे जमतंय, कुठे अडतंय, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

शनिवार

दिवसभर झोप. रात्री दादा ऑब्झर्व्हेटरी नावाच्याच भागात घेऊन गेला, तिथे साऊथ आफ्रिकन अॅस्ट्रॉनॉमिकल ऑब्झर्व्हेटरीचं जुनं आवार आहे, १८२० साली स्थापन झालेलं. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सगळ्यांना आत सोडतात, एक भाषण असतं आणि मग ढग नसतील तर दुर्बिणीतून बघायचं. ढग होते. तरी हॉल भरलेला होता, लहान मुलं पुढे जमिनीवर बसलेली, एका सात-आठ वर्षांच्या पोरीने विचारलं की कृष्णविवरात पडलेला उजेड थकतो का, आणि बोलणाऱ्या शास्त्रज्ञाने त्या प्रश्नाला पाच मिनिटं दिली, हसून उडवला नाही. मला ते फार आवडलं.

रविवार

काही नाही. वहिनीने थालीपीठ केलं. समुद्रावर फिरलो.

सोमवार, म्युझनबर्ग

आजचा दिवस नीट लिहायचाय.

सकाळी केपटाऊन स्टेशनवरून लोकल घेतली, दक्षिणेकडची लाईन, शेवटी शेवटी गाडी अगदी समुद्राला चिकटून जाते. म्युझनबर्ग हे सर्फिंगवाल्यांचं गाव, किनाऱ्यावर लाल-पिवळ्या-निळ्या लाकडी खोल्या. आणि तिथून दोन मिनिटांवर एक जुनी हॉटेलची इमारत, तिच्यात एम्स आहे. आपलं दवाखान्याचं एम्स नव्हे, आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस. वहिनीच्या ओळखीच्या एक प्राध्यापिका तिथे शिकवायला येतात, त्यांच्यामुळे आत बसायला मिळालं.

२००३ मध्ये नील टुरॉक या भौतिकशास्त्रज्ञाने हे सुरू केलं. माणूस दक्षिण आफ्रिकेतच जन्मलेला, आईवडील वर्णभेदाविरुद्ध लढणारे, घर सोडून परदेशात जावं लागलेलं कुटुंब. कल्पना साधी, आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतली हुशार पदवीधर मुलं एका छपराखाली आणायची, राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत, आणि जगभरातले प्राध्यापक तीन-तीन आठवड्यांसाठी येऊन शिकवणार, तेही त्याच इमारतीत राहून. २००८ मध्ये टुरॉकने जाहीर इच्छा सांगितली होती की पुढचा आइन्स्टाइन आफ्रिकेतून यावा, आणि त्यानंतर सेनेगल, घाना, कॅमेरून, रवांडा इथेही अशीच केंद्रं निघाली. अलीकडे इथे एआय फॉर सायन्स असा एमएस्सीचा कोर्सही सुरू झालाय.

मी मागच्या बाकावर बसले. वर्गात सुदानची, कॅमेरूनची, नायजेरियाची, मादागास्करची मुलं. संभाव्यतेवरचा तास होता. एका मुलाने विचारलं हे गृहीतक इथे का चालतं, आणि त्यावरून जी चर्चा पेटली ती चाळीस मिनिटं, फळ्यावर तीन मुलं एकामागून एक जाऊन आली, सर नुसते बाजूला उभे. पुढचा विषय झालाच नाही आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नाही. आमच्याकडे पोर्शन पूर्ण करायची घाई असते, मीही तशीच शिकवते, त्यामुळे बघताना मला आतून काहीतरी टोचत होतं.

जेवताना मादागास्करच्या मुलाशेजारी बसले. तो आधी फ्रेंचमधून शिकला, इंग्रजी इथे येऊन जमवतोय, म्हणाला पहिला महिना मला गणित कळायचं पण विनोद कळायचे नाहीत. समोर कॅमेरूनची मुलगी, तिच्या गावातून एमएस्सीला बाहेर पडलेली पहिलीच मुलगी, तिला साथरोगांची गणिती मॉडेलं करायचीत. मी विचारलं, तुझ्या शाळेतलं आठवतंय का कोणी? तर पटकन म्हणाली, हो, नववीचे सर, ते सुट्टीत पण शिकवायचे. मग मी टेबलावरच्या अजून चौघांना तेच विचारलं. प्रत्येकाकडे असा एक शिक्षक किंवा शिक्षिका निघाली. प्रत्येकाकडे.

दुपारी प्राध्यापिका बाईंनी एम्सचंच दुसरं काम सांगितलं आणि माझ्यासाठी ते जास्त महत्त्वाचं होतं. एम्सेक म्हणून एक विभाग आहे, तो शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांसाठी. खेड्यापाड्यातल्या शाळांमधून शिक्षक येतात, इथे राहून शिकतात, परत जाऊन आपल्या वर्गात करून बघतात आणि दूरशिक्षणाने पुढचं चालू ठेवतात. नुसती व्याख्यानं ऐकायची नसतात, शिक्षकांनी स्वतः कोडी सोडवायची, अडायचं, एकमेकांशी वाद घालायचा, म्हणजे मूल अडतं तेव्हा त्याला काय होतं ते आठवतं. संध्याकाळी ट्रेनमध्ये मी वहीत दोन पानं फक्त याच्यावर लिहिली.

मंगळवार, लांगा

लांगा म्हणजे केपटाऊनची सगळ्यात जुनी काळ्या लोकांची वस्ती, टाऊनशिप म्हणतात तसली. इथल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो, दादाच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आई. घरात शिरल्या शिरल्या चहा, आणि मी गणित शिकवते म्हटल्यावर दोन तास गप्पा.

त्यांनी जे सांगितलं ते समजायला थोडा मागचा इतिहास लागतो. १९५३ मध्ये बांटू एज्युकेशनचा कायदा झाला, आणि ते खातं सांभाळणारे मंत्री फर्वूर्ड यांनी उघड विचारलं होतं की काळ्या मुलाला गणित शिकवून उपयोग काय, ते त्याला वापरायला कुठे मिळणार आहे. चूक किंवा दुर्लक्ष नव्हतं ते, धोरण होतं. पुढे १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीतली पोरं रस्त्यावर आली, तेव्हा मुद्दा होता आफ्रिकान्स, म्हणजे डचपासून झालेल्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकायची सक्ती, आणि ज्या विषयांना ती सक्ती होती त्यात गणित होतं. बाई त्या वर्षी शाळेत होत्या. म्हणाल्या, आमच्या पिढीला गणित नीट शिकवलंच नाही, आणि मग आमच्यातलेच शिक्षक झाले, मग आम्ही काय शिकवणार? हे त्या शांतपणे म्हणाल्या पण मला पुढे काही बोलता येईना. वर्णभेद १९९४ ला गेला, पण गणित न आलेले शिक्षक एका कायद्याने जात नाहीत.

आकडेही तेच सांगतात. टिम्स म्हणून आंतरराष्ट्रीय चाचणी असते, २०१९ च्या टिम्समध्ये इथल्या नववीच्या फक्त ४१ टक्के मुलांना गणितातलं प्राथमिक ज्ञान असल्याचं दिसलं. आपण मान वर करून बोलावं असं काही नाही, असर या शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये आपल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं ते जेमतेम ४३ टक्क्यांना.

आणि इथे आणखी एक फाटा आहे. नववीनंतर विषय निवडताना मुलाने एकतर मॅथेमॅटिक्स घ्यायचं नाहीतर मॅथेमॅटिकल लिटरसी. लिटरसीमध्ये घरखर्च, कर्ज, कर, नकाशा वाचणं असं रोजच्या कामाचं गणित, ते वाईट नाही, पण ते घेतलं की इंजिनिअरिंगला, विज्ञानाच्या पदवीला दार बंद. बारावीला तिघांतलं साधारण एकच मूल मॅथेमॅटिक्स घेऊन बसतं. म्हणजे पंधराव्या वर्षी एका फॉर्मवरच्या एका चौकोनात ठरतं की हे पोरगं पुढे कुठवर जाऊ शकतं. आणि बऱ्याच शाळा निकाल बिघडू नये म्हणून मुलांना लिटरसीकडे ढकलतात, असं बाई म्हणाल्या.

भाषेचं तर विचारूच नका. तिसरीपर्यंत खोसा या मातृभाषेत शिकायचं आणि चौथीला एकदम इंग्रजी. बाईंनी मला त्रिकोणाचा शब्द शिकवला, उन्शान्ताथु, त्यातला शा खरं तर शा नाहीच, जिभेची कड दाढेपासून ओढून टक् असा आवाज काढायचा, घोडा हाकताना काढतात तसा. मला दहाव्यांदा जमला. त्या म्हणाल्या मूल तिसरीत हा शब्द हातात धरून असतं आणि चौथीत आपण तो हिसकावून घेतो. आता २०२५ पासून चौथीपुढेही गणित-विज्ञान मातृभाषेतून, जोडीला इंग्रजी, असं हळूहळू सुरू झालंय. मला आमचं सेमी इंग्लिश आठवलं. माझ्या वर्गात डिनॉमिनेटर हा शब्द घडाघडा म्हणणारी पोरं आहेत, छेद म्हणजे काय विचारलं की गप्प, आणि डिनॉमिनेटर म्हणजे काय विचारलं तरी गप्प. इंग्रजी नको असं मी म्हणत नाही, पण दोन भाषांच्या मधल्या खड्ड्यात मूल पडतं आणि आपण म्हणतो याला गणित येत नाही.

याच भागातल्या मुलांसाठी २००४ मध्ये जॉन गिलमोर यांनी लीप नावाच्या शाळा सुरू केल्या, फी नाही, गणित, भौतिक विज्ञान आणि इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं, शाळेचा दिवस मोठा. खायेलित्शा या दुसऱ्या टाऊनशिपमध्ये कोसाट म्हणून विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी शाळा आहे, तिचंही नाव निघतं. बाईंची नात लीपमधून निघून आता कॉम्प्युटर सायन्स करतेय, तिचा फोटो टीव्हीवर ठेवलेला.

बुधवार

पाऊस. घरीच. दादाने गाडीचं तेलपाणी बघितलं.

गुरुवार, सदरलँड

साडेतीनशेच्या वर किलोमीटर. ह्युगनॉट बोगदा संपला की द्राक्षाचे मळे, नारायणगावची आठवण, मग हळूहळू झाडं जातात, डोंगर सपाट होतात आणि कारू सुरू होतं, नुसती खुरटी झुडपं, मेंढ्या, पवनचक्क्या आणि आभाळ. माटजीसफाँटेनला वळलो, पुढे शंभर किलोमीटरमध्ये मोजून सहा गाड्या भेटल्या.

सदरलँड हे देशातलं थंडीसाठी प्रसिद्ध गाव. वरच्या टेकडीवर सॉल्ट, सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप, २००५ मध्ये सुरू झालेला. एक मीटरचे ९१ षटकोनी आरसे जुळवून केलेला एकच मोठा आरसा, मधमाशीचं पोळं बघावं तसा. तो उंचीच्या दिशेने हलत नाही, ठराविक कोनात बसवलेला, फक्त गोल फिरतो, बाकी काम वरचं यंत्र सरकून करतं, त्यामुळे खर्च खूप वाचला. या दुर्बिणीत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था भागीदार आहे! म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारात बसलेला विद्यार्थी या माळावरच्या आरशातून आलेला उजेड अभ्यासतो. इतक्या लांब येऊन पुण्याचा धागा सापडला की उर भरून येतो.

माहिती देणारा तरुण सदरलँडचाच होता. मी त्याला विचारलं, लहानपणी काय वाटायचं इथे? म्हणाला, आम्ही खालून दिवे बघायचो नाही कारण दिवे नसतातच, रात्री वर सगळं काळं, आम्हाला वाटायचं तिथे कोणी राहत नाही. आता तो रोज वर जातो.

रात्री छोट्या दुर्बिणीतून बघितलं. थंडीने बोटं सुन्न. आकाशगंगा इतकी ठळक की जमिनीवर आमची अंधुक सावली पडतेय असं वाटलं. फार बोलले नाही कोणी.

शुक्रवार, कार्नार्वन

फ्रेझरबर्गवरून आलो, अर्धा रस्ता कच्चा, धूळच धूळ. कार्नार्वन हे छोटं गाव आणि इथून साधारण ९० किलोमीटरवर मीरकॅट ही रेडिओ दुर्बीण. त्या ६४ डिश, प्रत्येकी साडेतेरा मीटर, २०१८ मध्ये सुरू झाल्या. आधी सात डिशची कॅट सेव्हन होती, कॅट म्हणजे कारू अॅरे टेलिस्कोप, मग आणखी पैसे मिळाले म्हणून मीर कॅट, आफ्रिकान्समध्ये मीर म्हणजे जास्त, शिवाय मीरकॅट हा इथला मुंगसासारखा उभा राहून टेहळणी करणारा प्राणी. पुढे याच डिश एसकेएचा, म्हणजे स्क्वेअर किलोमीटर अॅरे या अनेक देशांच्या महादुर्बिणीचा भाग होतील आणि इथली संख्या १९७ होईल. एसकेएमध्ये आता भारतही सदस्य आहे, तिच्या कंट्रोल सॉफ्टवेअरच्या कामात जीएमआरटी चालवणाऱ्या आपल्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेचा मोठा वाटा आहे.

पण बघायला मिळत नाही. मोबाईल, वायफाय, गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्याचा दुर्बिणीला त्रास होतो, कायद्यानेच हा भाग रेडिओ शांततेचा ठेवलाय, कोणालाही सहज आत सोडत नाहीत. मला आधी माहीत होतं, तरी हजारो किलोमीटर येऊन डिश न बघता बसायचं म्हणजे चुटपुट लागतेच.

शनिवार, कार्नार्वन

गावात चाललो. इथली दगडी घरं बघण्यासारखी, छतसुद्धा दगडाचं, एकावर एक चकत्या आत सरकवत रचलेलं, लाकूडच नव्हतं ना इथे. चर्चसमोर एक तिशीतला माणूस भेटला, प्रकल्पात टेक्निशियन आहे, फायबर आणि वीज बघतो. दुर्बिणीच्या प्रकल्पाने २००५ पासून शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली, डिप्लोमापासून पीएचडीपर्यंत, आफ्रिकेतल्या इतर देशांच्या मुलांनाही, आणि इथल्या पोरांना कारागिरीचं प्रशिक्षण. हा त्यातला. आधी मेंढ्यांच्या शेतावर होता. प्रकल्पासाठी बरीच शेतं घेतली गेली, तिथली कामं गेली, याबद्दल गावात नाराजी आहे हेही त्यानेच सांगितलं, लपवलं नाही. म्हणाला, माझं बरं झालं, माझ्या काकाचं नाही झालं.

संध्याकाळी गेस्टहाऊसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशींची मुलगी आलेली होती. नववीत. ती आजीकडे दुसऱ्या गावात राहून शिकते, शनिवार-रविवार आईकडे. निखाऱ्यावर भाजलेले पाव आले, ते खात आम्ही बसलो. तिचं इंग्रजी अडखळत, माझं आफ्रिकान्स शून्य. मी कागदावर त्रिकोण काढला, ती म्हणाली द्रीहूक. द्री म्हणजे तीन, हूक म्हणजे कोपरा. त्रि, कोण! मी चौकोन काढला, फीरहूक, फीर म्हणजे चार. दोघी हसायला लागलो, दादाला कळेना काय चाललंय.

मग मी तिला ते विचारलं जे मी दरवर्षी खोडदहून परतल्यावर वर्गात विचारते. दुर्बिणीतल्या प्रत्येक दोन डिशची एक जोडी होते, जितक्या जोड्या तितकं चित्र नीट, तर ६४ डिशच्या जोड्या किती? तिने आधी चार ठिपके काढले, रेषा जोडल्या, सहा. पाच ठिपके, दहा. सहा, पंधरा. मग थांबली. मला वाटलं आता सोडून देईल. ती म्हणाली, प्रत्येक नवीन डिश जुन्या सगळ्यांशी हात मिळवते. आईने मध्येच तिला भांडी आवरायला हाक मारली तर तिने हात वर करून थांब म्हटलं. एक अधिक दोन अधिक तीन असं ६३ पर्यंत लिहायला लागली, मध्येच खोडलं, पहिला आणि शेवटचा जोडला, दुसरा आणि शेवटून दुसरा जोडला, आणि वीस मिनिटांनी लिहिलं २०१६. बरोबर. कोणी सूत्र सांगितलं नव्हतं. आमच्या खोडदच्या ३० डिशच्या ४३५ होतात हे मी सांगितलं तर तिने तेही करून पडताळलं, माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात आनंद झाला.

आईला विचारलं हिचं पुढे काय. त्यांनी कपाटातून शाळेचा फॉर्म आणला, दहावीचे विषय निवडायचा. पर्यटन भरलेलं, भाषा भरलेल्या, गणिताच्या दोन चौकोनांपुढे काही नाही. शाळेतून सांगितलंय लिटरसी घे, मॅथेमॅटिक्स शिकवायला पुढच्या वर्षी कोणी असेल का सांगता येत नाही म्हणून. मुलगी काही बोलली नाही. मी मात्र बोलले, पाहुणी म्हणून बोलायला नको होतं कदाचित, पण बोलले, की हिला खरं गणित घेऊ द्या, शिक्षक नसला तर शनिवारी इकडे कोणीतरी मिळेल, त्या चर्चसमोरच्या माणसाला विचारा, त्याच्याबरोबर इंजिनिअर राहतात. दादाने त्याचा नंबर घेतलाच होता, तो मावशींना दिला. शिष्यवृत्त्या आहेत, एम्स आहे, दुर्बीण तर ९० किलोमीटरवर आहे, सगळं वर बांधून तयार आहे आणि ही मुलगी खाली एका चौकोनापाशी उभी आहे, मला हे सहनच होत नाही.

रविवार

सकाळी लवकर निघालो, केपटाऊनपर्यंत सात तास. गाडीत बसताना ती धावत आली, कालच्याच कागदाच्या मागे लिहून आणलेलं. १९७ डिशच्या जोड्या, १९,३०६. मी कधी सांगितलं होतं १९७ होणार म्हणून ते मलाच आठवेना, जेवताना दादाशी बोलताना ऐकलं असेल तिने. कागद मी मागून घेतला, वहीत ठेवलाय.

फॉर्म शुक्रवारी द्यायचाय म्हणाली.